प्लॉट विकू नका, बाबा

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही एका दमात सगळं ठरवून टाकलंत, बाबा. म्हसरूळचा प्लॉट काढायचा, त्यातले सोळा-सतरा लाख इकडे अमेरिकेत, कॅन्ससला पाठवायचे आणि मला मोबाईल होम घेऊन द्यायचं. "दर महिन्याला भाडं भरून हातात राहतं काय?" हे तुमचं म्हणणं मलाही पटत होतं, म्हणून तेव्हा मी नाही म्हटलं नाही. पण शनिवारी ते घर आतून, बाहेरून आणि खालूनसुद्धा बघून आले. प्लॉट विकू नका. का ते सविस्तर लिहिते आहे. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं आणि आईचा जीव मध्येच कासावीस होतो.

आई, आधी तुझ्यासाठी. तुला वाटलं तसं ते पत्र्याचं खोपट नाही. १४ फूट रुंद आणि ७० फूट लांब, म्हणजे ९८० चौरस फूट. आपल्या इंदिरानगरच्या फ्लॅटपेक्षा मोठं. दोन टोकांना दोन बेडरूम, मध्ये हॉल आणि स्वयंपाकघर, सिंकवर छान खिडकी. अख्खं घर कारखान्यात बांधतात आणि ट्रकने ओढून जागेवर आणून ठेवतात. आजूबाजूला कष्टाची, साधी माणसं राहतात. शेजारच्या आजी बावीस वर्षं तिथेच आहेत. पायऱ्यांवर ओळीने कुंड्या मांडल्या आहेत. त्यांनी मला घरात बोलावून कॉफी दिली आणि विकणारा जे सांगणार नाही ते सगळं सांगितलं. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, तेव्हा मुलगी कुठल्या वस्तीत जाते आहे ही काळजी मनातून काढून टाक.

बाबा, आता तुमच्या कामाचं. चॅसी, म्हणजे घराखालचा पोलादी सांगाडा, कशी आहे, हे तुम्ही दोनदा विचारलं होतंत. स्कर्टिंगचा, म्हणजे घराखालची पोकळी बाहेरून झाकणाऱ्या आडोशाचा, एक भाग काढून टॉर्च घेऊन मी खाली सरपटत गेले. दोन लांब आय-बीम, त्यांच्यामध्ये आडवे चॅनेल. गंज वरवरचा होता, खवले सुटले नव्हते. अंबडच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये तुम्ही ते पास केलं असतंत. पण चाकं आणि ॲक्सल केव्हाच काढून नेलेले. घराचा सगळा भार काँक्रीटच्या ब्लॉकांच्या चळतींवर, ब्लॉकांच्या मध्ये सिमेंटचा माल नाही, वर नुसत्या लाकडी पाचरी मारलेल्या. दोन चळती डोळ्यांना दिसतील इतक्या कलल्या होत्या. वाऱ्यात घर उचललं जाऊ नये म्हणून जमिनीत अँकर रोवून पोलादी पट्ट्या ताणलेल्या असतात, त्यातली एक मी हाताने हलवली तर हलली. घराच्या पोटाला काळं प्लॅस्टिक लावलेलं असतं, ते फाटून आतली ग्लासवूल लोंबत होती. इथल्या थंडीत खालून जाणारे पाण्याचे पाइप त्याच्याच भरवशावर असतात.

वर आले आणि बाथरूमच्या दारात पाय ठेवला तर पायाखालचा तळ दबला. वरचं व्हिनाइल नवंकोरं, चकचकीत. कोपऱ्यात थोडं उचकटून बघितलं. खाली लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड असतो, तो पाणी पिऊन चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. अंगठ्याने दाबलं, अख्खं नख आत गेलं. मग सिंकखाली वाकून बघितलं, तर करड्या रंगाचे प्लॅस्टिकचे पाइप. याला पॉलिब्युटिलीन म्हणतात. साधारण १९७८ ते १९९५ या काळात इथे लाखो घरांत हे घातले गेले. पाण्यातल्या क्लोरीनने ते आतून ठिसूळ होतात आणि एखाद्या दिवशी अचानक फुटतात. घर १९८४ सालचं. १५ जून १९७६ पासून अशा घरांना केंद्र सरकारचं बांधकामाचं मानक लागू झालं, त्याची लाल रंगाची धातूची पट्टी बाहेरच्या भिंतीवर होती आणि आतला कागदही कपाटात चिकटवलेला सापडला. तेवढं बरं निघालं. पण पाइप सगळे बदलायचे आणि तळ उचकटायचा, म्हणजे १८,००० डॉलरच्या किमतीवर आणखी किती, याचा अंदाज तुम्हीच करू शकाल.

हे सगळं एक वेळ दुरुस्त करता येईल. तुमच्याकडून वेल्डिंग शिकलेय, हातोडी धरता येते. मी मागे सरले ती कागद वाचून.

बाबा, त्या घराला सातबारा नाही. कॅन्ससमध्ये अशा घराचं टायटल वाहनांच्या खात्याकडून मिळतं, आपल्या आरसी बुकासारखं. घर आपलं, पण खालची जमीन पार्कच्या, म्हणजे अशी घरं जिथे ठेवलेली असतात त्या वसाहतीच्या, मालकाची, आणि तिचं भाडं महिन्याला ४५० डॉलर. मी आत्ता तिघींत मिळून राहते, माझ्या वाट्याला ५७५ येतात. ४५० मध्ये विमा, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कर आणि हिवाळ्यात घर गरम ठेवायला लागणारा प्रोपेन गॅस धरला की आकडा ५७५ च्या वर जातो, आणि सोळा लाख अडकतात ते वेगळेच. शिवाय हा पार्क माझ्या कॉलेजपासून पाच मैलांवर, तिकडे बस जात नाही, म्हणजे गाडी आली.

तुम्ही म्हणालात, एक खोली मैत्रिणीला दे, ४०० डॉलर सुटतील. पार्कचा करार अकरा पानी आहे, मी तिथेच बसून पूर्ण वाचला. करारात नाव नसलेल्या माणसाला १४ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. खोली भाड्याने देता येत नाही. उद्या घर विकायचं म्हटलं तरी घेणारा माणूस आधी पार्कने पास करायला हवा. आणि मला कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करायची परवानगी आहे, त्यामुळे खड्डा पडला तर भरून काढायला माझ्याकडे दुसरा मार्ग नाही.

"पटलं नाही तर हलवू, मोबाईलच आहे ना," असंही तुम्ही म्हणालात. नाव तसं आहे खरं. पण एकदा बसवलेलं घर हलवायचं तर खास ट्रॅक्टर, रस्त्याची परवानगी, वीज-पाणी तोडणं, नव्या जागी पुन्हा लेव्हल करणं, असा हजारो डॉलरचा खर्च. त्यातून इतकं जुनं घर बरेच पार्क आत घेतच नाहीत. म्हणजे जागेचं भाडं वाढलं तर गुपचूप भरायचं. या पार्कचा मालक बदलला, तेव्हापासून पाच वर्षांत तीनदा भाडं वाढलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "घर माझं आहे, म्हणूनच मी अडकले." भाडेकरू निदान पिशवी उचलून निघून तरी जातो.

मला तिथे बसल्या बसल्या आजोबा आठवले. पंचवटीच्या वाड्यात त्यांनी एकतीस वर्षं भाड्याने काढली. मालक सांगेल तेव्हा नळ, मालक सांगेल तेव्हा दुरुस्ती. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा आजीने बांगड्या मागितल्या नाहीत, जमीन घ्या म्हणाली. तो म्हसरूळचा प्लॉट. तो विकून मी दुसऱ्याच्या जमिनीवर घर घ्यायचं, हे मला झेपणार नाही.

आणि वारा. आई, हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण लपवतही नाही. इथे वसंतात टोर्नेडो येतात. ४ मे २००७ च्या रात्री याच राज्यातलं ग्रीन्सबर्ग गाव जवळजवळ सगळं भुईसपाट झालं, आणि ज्यांना तळघर होतं ते तिथे जाऊन बसले होते. हवामान खातं स्पष्ट सांगतं, अँकर लावलेलं असलं तरी मोबाईल होममध्ये थांबू नका. आपली आजी गोदेच्या १९६९ च्या पुराचं सांगायची, पाणी चढायला लागलं की पोरं उचलायची आणि माडीवर जायचं. इथे उलट आहे, खाली जायचं. आणि त्या घराच्या खाली दोन फुटांची पोकळी आहे फक्त. पार्कमध्ये रात्री उघडी असलेली आसऱ्याची जागा नाही, मी विचारलं. शेजारच्या आजी भोंगा वाजला की गाडी काढून मैलभर लांबच्या चर्चच्या तळघरात जातात. माझ्या आत्ताच्या बिल्डिंगमध्ये कपडे धुण्याची खोली जमिनीखाली आहे, एप्रिलमध्ये एकदा आम्ही तिघी तिथे तासभर बसलो होतो.

धाकट्या ओंकारच्या ॲडमिशनचं पुढच्या वर्षी इथेच झालं आणि तो चार वर्षं राहणार असेल, तर पुन्हा बघू. नवं घर, करारात दोघांची नावं, आणि पार्कमध्ये आसऱ्याची पक्की जागा, या तिन्ही गोष्टी असतील तरच. माझ्या शिक्षणाच्या उरलेल्या दीड वर्षासाठी मात्र मला नको.

शुक्रवारी मी आत्ताच्या खोलीचा करार आणखी एक वर्ष वाढवते आहे, डिपॉझिट आधीचंच चालेल. तुम्ही प्लॉटचा विसार घेतला असेल तर परत देऊन टाका. घेतला नसेल तर त्या माणसाला लगेच कळवा, त्याला ताटकळत ठेवू नका. आणि एकदा तिकडे चक्कर मारून कुंपणाच्या तारा बघून या, गेल्या पावसात एका कोपऱ्यातला खांब पडला होता असं आई म्हणत होती.

तुमची,
मुग्धा