मच्छरसिंग आला की उठा : व्हिडिओवाल्या मामांना अनावृत पत्र

ती. मामा,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात वडगावचं घर रंगवायला काढलं. माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांच्या मागाचे दोन धोटे निघाले आणि त्यांच्याखाली रबर लावलेला एक गठ्ठा. रबर हात लावताच तुटलं. लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून केलेली कार्डं, निळी शाई, उजवीकडं कललेलं तुमचं बारीक अक्षर. मोजली, एकेचाळीस भरली. व्हिडिओ कॅसेटचं दुकान बंद केलंत त्या दिवशी "घेऊन जा, रद्दीवाल्याला देऊ नकोस" म्हणून तुम्ही ती माझ्या हातात ठेवली होतीत. मी सायकलला पिशवी अडकवली आणि निघालो. धड दोन शब्द बोललो नाही. ते राहिलेलं आज लिहितोय. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या. तो भराभर वाचतो, त्याला सावकाश वाचायला सांगा.

ज्यांनी तुमचं दुकान पाहिलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी. बेळगावच्या शहापुरात, बोळाच्या तोंडाशी, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं एवढी जागा. कॅसेटला भाडं दिवसाला दहा रुपये. रिवाइंड न करता आणली तर वर एक रुपया. आणि पावसाळा! बेळगावचा पाऊस एकदा लागला की भिंतींना पाझर फुटतो, तिथं कॅसेटच्या फितीची काय कथा. फितीवर पांढरी बुरशी धरायची. तसली एक कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की हेड खराब, आणि त्या हेडवरून पुढच्या कॅसेटी खराब. म्हणून तुम्ही कपाटाच्या तळाशी चाळीसचा बल्ब चोवीस तास जळत ठेवायचात. विजेच्या बिलावरून मामी बोलायच्या. लांबून ते कपाट देव्हाऱ्यासारखं दिसायचं.

त्या कपाटाचे कप्पे मला अजून पाठ आहेत. भूत, खून, कोर्ट, दरोडा, मारामारी. गावात पाट्यांच्या भाषेवरून काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या कपाटात मात्र हिंदी भुताला कन्नड भूत खेटून बसलेलं आणि त्यांच्या मध्ये एखादं मराठी. घरी तुम्ही मामींशी कन्नडमध्ये बोलायचात, हिशेब मराठीत लिहायचात, आणि व्हीसीआरला शिव्या दोन्हीत द्यायचात.

नवे पिक्चर काउंटरवर असायचे, त्यांना कार्ड नसायचं. "त्येला कशाला? पोस्टर आहे की." कार्ड फक्त जुन्यांना, आणि ज्यांना कुणी हात लावत नाही त्यांना. तीन ओळी, फार तर चार. खाली शेरा. तारे नाहीत, मार्क नाहीत, चहा! पिक्चर चालू असताना किती वेळा उठून चहाला जाऊन आलं तरी काही बिघडत नाही, तो आकडा. म्हणजे चहा जितके कमी, तितका पिक्चर भारी. मोठमोठ्या समीक्षकांचं वाचलं नंतर, पण याहून नेमकं माप मला अजून सापडलेलं नाही.

काही कार्डं इथं उतरवतो, लोकांनाही कळू दे.

'बीस साल बाद', १९६२ : "हवेली, दलदल, पैंजण. दिग्दर्शक बिरेन नाग मूळचा कलादिग्दर्शक, त्यामुळं माणसांपेक्षा खोल्या चांगलं काम करतात. विश्वजीतकडं बघू नका, त्याच्या मागच्या भिंतीकडं बघा. एक चहा."

'पुराना मंदिर', १९८४ : "रामसे भावांचा. सामरी राक्षस नुसता उभा राहिला तरी पैसे फिटले. मधे जगदीप 'शोले'ची नक्कल करतो. मच्छरसिंग आला की उठा. तीन चहा."

'हा खेळ सावल्यांचा', १९७६ : "गोमू फक्त गाण्यात आहे. बाकी अंधार."

या शेवटच्या कार्डावर चहाच नाही, म्हणजे 'चहा नाही' असंही लिहिलेलं नाही. तुम्ही विसरलात की ठरवता आलं नाही? शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'गोमू संगतीनं'वर दरवर्षी कुठला तरी वर्ग कोळ्यांचे कपडे घालून नाचायचा. ते गाणं एका रहस्यपटातलं आहे, हे नाचणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि बसवणाऱ्या बाईंनाही. मला माहीत होतं. सातवीतल्या पोराला एवढी श्रीमंती पुष्कळ होते.

'पाठलाग'चं कार्ड वाचून तर मी चिडलोच होतो. "'मेरा साया' आवडला म्हणून सांगत फिरता, मग आधी हा बघायचा होता. राजा परांजपे, १९६४. हिंदीवाल्यांनी दोन वर्षांनी केला." मी खरंच 'मेरा साया'चं कौतुक सांगत फिरत होतो, आणि ते कार्ड माझ्यासाठीच लिहिलंय असं मला वाटलं. होतं का?

'कोहरा'बद्दल आपलं भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. तुम्ही लिहिलंत, "ललिता पवारना खाष्ट सासू म्हणून ओळखणाऱ्यांनी इथं दाई म्हणून बघाव्यात. नुसत्या दारात उभ्या राहतात. चहा नाही." ललिताबाईंबद्दल एक अक्षर बदलणार नाही. पण मामा, मधली गाणी? वहिदा त्या घरात जीव मुठीत धरून वावरतेय, भीती आता कुठं चढायला लागलीय, आणि गाणं. गाणी चांगली आहेत हाच तर घोळ आहे, पुढंही ढकलवत नाहीत. माझ्या मते एक चहा. नंतर 'इत्तेफाक' पाहिला तेव्हा माझं म्हणणं मलाच पटलं. १९६९, यश चोप्रा, गाणं एकही नाही. एक घर, एक रात्र, पळून आलेला वेडा आणि एकटी बाई. त्याच्या कार्डावर तुम्ही लिहिलं होतं, "राजेश खन्नाला गाणी लागतात म्हणणाऱ्यांसाठी. चहा नाही. शेवट सांगणाऱ्याला पुन्हा कॅसेट मिळणार नाही." ही नुसती धमकी नव्हती. आमच्या गल्लीतल्या एकानं पायरीवर उभं राहून खुनी कोण ते सांगून टाकलं, तर तुम्ही त्याला गणपती होईपर्यंत दुकानात घेतलं नाहीत. त्याच्या आईनं येऊन रदबदली केली तरी नाही.

आता मुख्य गोष्ट. अकरावीत मी 'महल'वर आठ पानं लिहून आणली होती. फुलस्केप. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला पिक्चर, १९४९, 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर लताबाईंऐवजी 'कामिनी' हे पात्राचं नाव कसं होतं, अशोककुमार कुठं कुठं चालतो, सगळं. कॉलेजातल्या सरांनी 'छान' लिहून सही केली होती, वाचलं नव्हतं. तुम्ही मात्र गिऱ्हाईक थांबवून आठही पानं वाचलीत. चष्मा काढलात आणि म्हणालात, "पिक्चर सांगितलास. बघू की नको, ते कुठं सांगितलास?" मग ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढून दिलंत. "ह्यात बसव. बसलं नाही तर तुलाच कळलं नाही म्हणून समज."

बसवायला चार दिवस लागले. काय काय टाकलं ते आठवत नाही. राहिलं ते एवढं : "भूत आहे की नाही याची काळजी करू नका, झोपाळ्याकडं बघत राहा. अशोककुमारसारखेच तुम्हीही अडकाल. अर्धा चहा." तुम्ही 'अर्धा'वर बोट ठेवून हसलात, आणि ते कार्ड 'महल'च्या डब्यात गेलं. एकेचाळिसातलं ते एक माझ्या अक्षरातलं आहे. गिऱ्हाइकांपैकी कुणाला फरक कळला नाही, यापेक्षा मोठं बक्षीस मला आजवर मिळालेलं नाही.

कन्नड पिक्चरचं ऋण वेगळं. मी मराठी शाळेतला, बाजारापुरतं कन्नड. 'ना निन्न बिडलारे' हे नाव डब्यावर जोडाक्षरं लावत लावत वाचलं आणि अर्थ विचारला. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि डोळे वटारून म्हणालात, "मी तुला सोडणार नाही." दुपारची वेळ, बाहेर धुवांधार पाऊस. शटर अर्धं ओढून तुम्ही तो पिक्चर मला काउंटरमागं दाखवलात, कानाशी मराठी करून सांगत. अनंत नागच्या अंगात भूत शिरलं तेव्हा तुम्ही सांगायचं थांबलात. "आता कशाला सांगू, दिसतंय की." १९७९चा तो पिक्चर मी नंतर चार वेळा पाहिला. भाषा बरीच कळते आता. तुमचा आवाज नसला की भीती थोडी कमी वाटते.

'ओंदानोंदु कालदल्ली' तुम्ही मारामारीच्या कप्प्यात ठेवला होता. गिरीश कार्नाडांचा पिक्चर मारामारीत! पण कार्ड वाचलं की पटायचं : "जपानी तलवारवाल्यांच्या वळणाचा. दोन भाडोत्री लढवय्ये. शंकर नागचा पहिला. हाच पोरगा मराठी '२२ जून १८९७' लिहिण्यातही होता, आपल्या लोकांना माहीत नाही." ३० सप्टेंबर १९९०ला दावणगेरेजवळच्या अपघातात हा नट-दिग्दर्शक शंकर नाग गेला. दुसऱ्या दिवशी तुमचं दुकान बंद होतं. दसरा-दिवाळीलासुद्धा अर्धा दिवस उघडं असणारं दुकान! त्यानंतर महिनाभर त्याच्या 'तर्क'चा डबा काचेत दर्शनी भागात होता, आणि कुणी मागितला तरी तुम्ही दिला नाहीत.

आता मी जुन्या पिक्चरवर लिहितो. जे कुणी बघत नाही, तेच निवडतो. रामसेंबद्दल तुम्ही फीत गुंडाळता गुंडाळता एकदा सांगितलं होतं, की १९७०चा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला, पण मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरी करतात तेवढ्या सीनला थिएटरात लोक बसून राहिले, आणि त्या एका सीनवर सात भावांनी पुढचं सगळं घर उभं केलं. '७२ला 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला तो त्यातून. ते परवा लिहिलं आणि कोल्हापूरच्या एका वाचकानं विचारलं, "कुठल्या पुस्तकात आहे?" मी काय सांगणार? शहापुरातल्या बल्बच्या कपाटात आहे म्हणून सांगितलं.

एक विचारायचं राहिलं. गठ्ठ्यात 'तर्क'चं कार्ड नाही. तीनदा बघितलं. कुणी नेलं, की तुम्ही ते लिहिलंच नव्हतं? सुनीलकुमार देसाईंचा तो पिक्चर, त्यातही गाणं नाही, म्हणजे तुमच्या हिशेबानं 'चहा नाही' ठरलेलं.

येत्या रविवारी दुपारी येतोय. पिक्चर लॅपटॉपवर घेतलाय, कोरं कार्ड आणि निळं पेन पण आणतो. तुम्ही सांगा, मी लिहितो. मामींना म्हणावं, चहा आधीच घेऊन बसू.

आपला,
वडगावचा, रिवाइंड न करता आणणारा