मागे राहिलेल्या बायांबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. करोनात आपल्या राज्य सरकारनं जमेल तेवढं केलं, आता तो विषय संपला, असं तू लिहिलंस. पहिलं मला मान्य आहे, दुसरं अजिबात नाही.

धारावीचं उदाहरण तू दिलंस ते योग्यच. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची ती वस्ती. एप्रिल 2020 मध्ये तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता. पण पेशंट येण्याची वाट न बघता पालिकेची माणसं गल्लोगल्ली फिरली, ताप तपासला, शाळांमधून विलगीकरणाची सोय केली. शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाचावर आली, महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांना खुली झाली. हे विसरून चालणार नाही.

पण ज्या घरातला कर्ता माणूस गेला, तिथे करोना अजून संपलेला नाही रे. सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवरा गमावलेल्या या एकल महिलांचा प्रश्न लावून धरला. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारनं ‘मिशन वात्सल्य’ आणलं. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याची समिती, बाईला कचेरीत न बोलावता योजना तिच्या दारी न्यायच्या, ही कल्पना मला मनापासून आवडली होती.

गाडी अडते ती अटींपाशी. संजय गांधी निराधार योजनेसाठी वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. मजुरीला जाणारी बाईसुद्धा त्यात बसत नाही! आईवडील दोघंही गेले तर मुलाच्या नावे 5 लाखांची ठेव, पण फक्त बाप गेला तर बालसंगोपनाचे महिन्याला तेव्हा 1,100 रुपये. 50 हजारांचं सानुग्रह अनुदान होतं, पण ज्याच्या मृत्यूआधी चाचणीच झाली नाही, त्याच्या बायकोनं कुठला कागद दाखवायचा? दुसऱ्या लाटेत अशी कितीतरी माणसं गेली.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट सरकारी कचेरीत नाही, घरातच आहे. नवऱ्याच्या हिश्श्याला बायको कायद्यानं वारस आहे, तरी सातबाऱ्यावर नाव चढवायची वेळ आली की दीर-सासरे टाळाटाळ करतात. वर लग्नकार्यात तिनं मागे बसायचं, हळदीकुंकवाला तिला बोलवायचं नाही. रोगानं नवरा नेला, मान आपण काढून घेतला.

म्हणून मला कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाचं मोल फार वाटतं. मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, त्या ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. करोनात तरुण मुली विधवा झालेल्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. सरकारच्या पुढे गाव गेलं, असं क्वचित घडतं.

तुझं ग्रामपंचायतीत वजन आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडशील का? आणि त्याआधी तलाठ्याकडे बसून बघ, करोनात गेलेल्यांच्या किती बायकांची वारस नोंद राहिली आहे. अर्ज भरायला माणूस हवा असेल तर मी येतो. वहिनींनाही बरोबर घे, या बाया तुझ्यापेक्षा त्यांच्याशी मोकळेपणानं बोलतील.

तुझाच,
जुना मित्र