सूचना : रविवारी इतिहासगप्पा

सभासदहो,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता क्लबच्या वाचनालयात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या गोल्फ क्लबच्या इतिहासावर गप्पा आहेत. १७५४ साली २२ जणांनी चांदीच्या क्लबसाठी (म्हणजे गोल्फच्या काठीसाठी) स्पर्धा ठेवली, तिथून सुरुवात. १७६४ मध्ये फेरी २२ होल्सवरून १८ वर आली, १८३४ मध्ये ‘रॉयल अँड एन्शंट’ हे नाव मिळालं. महिलांना सभासदत्व देण्याचा ठराव मात्र थेट २०१४ मध्ये! त्यावर वाद होणारच, म्हणून शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवला आहे.

- आपल्या क्लबची जुनी छायाचित्रं, स्कोअरकार्डं जरूर आणा. मागे पेन्सिलीने नाव लिहा.
- स्पाइकचे बूट बाहेर, मोबाइल बंद.
- येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवावं. खुर्च्या मोजक्याच आहेत.