शेतकऱ्यांच्या हाती नाटक देणारे श्योंग फोशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक रंगभूमी दिनानिमित्त आपण काढलेली आशियाई रंगभूमीवरची पुरवणी वाचली. जपानचं नो आणि काबुकी, चीनचा पेकिंग ऑपेरा आणि त्यातले मेई लानफांग यांच्यावरचे लेख जपून ठेवावेत असे आहेत. पण चीनच्या आधुनिक, गद्य संवादांच्या नाटकाबद्दल पुरवणीत एक ओळही नव्हती. त्या परंपरेतल्या एका माणसाची ओळख मराठी वाचकांना, त्यातही गावोगाव नाटक शिकवणाऱ्यांना व्हायलाच हवी, म्हणून हे पत्र. त्यांचं नाव श्योंग फोशी. ते नाटककार होते, पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नाटक शिकवण्यात गेला.

श्योंग यांचा जन्म १९०० साली च्यांगशी प्रांतातल्या फंगचंग इथला. बीजिंगच्या येनचिंग विद्यापीठात शिकत असतानाच ते नाटकं लिहू लागले. १९२१ मध्ये शांघायमध्ये काही लेखक आणि रंगकर्मींनी लोकांसाठी नाटक करणारी एक मंडळी काढली. माओ दुन आणि ओउयांग युछ्येन यांच्याबरोबर तिच्या संस्थापकांत हे विशीतले श्योंगही होते. १९२४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नाटक शिकायला गेले, १९२६ मध्ये परतले आणि बीजिंगच्या सरकारी कला महाविद्यालयात नाट्यविभागाचे प्रमुख झाले. तेव्हाचं चिनी गद्य नाटक शहरातल्या कॉलेजांचं आणि शिकलेल्या मध्यमवर्गाचं होतं. परदेशात शिकून आलेला, हाती विभाग असलेला प्राध्यापक त्या वर्तुळात आयुष्यभर सुखाने राहू शकला असता.

१९३२ मध्ये त्यांनी ते वर्तुळ सोडलं आणि ते डिंगश्येनला गेले.

हेबेई प्रांतातला डिंगश्येन हा सुमारे चार लाख वस्तीचा, पावणेपाचशेच्या आसपास गावांचा जिल्हा. यान यांगचू, ज्यांना जग जेम्स येन म्हणून ओळखतं, त्यांनी तिथे लोकशिक्षणाचा प्रयोग मांडला होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये राबणाऱ्या चिनी मजुरांना अक्षरओळख देता देता येन या कामात आले होते. अज्ञान, दारिद्र्य, आजारपण आणि सार्वजनिक कामाबद्दलची उदासीनता हे खेड्यांचे चार रोग आहेत, अशी त्यांची मांडणी होती. त्या कामात नाटकाची बाजू सांभाळायला त्यांनी श्योंग यांना बोलावलं.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांना हा भूभाग वाटतो तितका परका नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी ज्या तांग परगण्यात वारले, तो डिंगश्येनला लागूनच आहे. कोटणीस तिकडे पोचण्याआधीच श्योंग यांना तो भाग सोडावा लागला होता. पण कोटणीसांनी ज्यांच्यावर उपचार केले, त्याच मुलखातल्या शेतकऱ्यांमध्ये काही वर्षं आधी हा नाटकवाला वावरत होता.

सुरुवातीला श्योंग आणि त्यांचे शिकलेले सहकारी स्वतःच नाटक करत आणि गावकरी ते बघत. शहरातून आलेल्या प्रत्येक नाट्यशिक्षकाची पहिली पायरी हीच असते. श्योंग यांचं मोठेपण मला पुढच्या पायरीत दिसतं. ज्यांच्यासाठी नाटक करायचं त्यांनीच ते उभं केलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं आणि गावोगावच्या शेतकऱ्यांच्या नाटकमंडळ्या उभ्या राहू लागल्या. दिवसभर शेतात राबलेली माणसं संध्याकाळी तालमीला बसू लागली. ज्यांना अक्षरओळख नुकती झाली होती, त्यांना संहिता वाचण्यासाठी एक कारण मिळालं. अभिनयात ही माणसं शहरातल्या नटांना मागे टाकू शकतात, असं श्योंग यांचं मत झालं. तालुक्याच्या ठिकाणी नाट्यशिबिरं घेताना मीही हे पाहिलं आहे. बाजाराच्या भांडणाचा प्रसंग द्या, भाजी विकणाऱ्या घरातली मुलगी तो जसा करते तसा शहरातल्या एकांकिकांत मुरलेल्या मुलांना जमत नाही.

डिंगश्येनमधली त्यांची नाटकं तिथल्याच जगण्यातून आलेली आहेत. 'खाटीक' या नाटकात सावकारी करणारा एक खाटीक दोन भावांमधल्या भांडणाला खतपाणी घालतो आणि त्यांचं घर गिळू पाहतो. व्याज, वाटणी, भाऊबंदकी ही त्या प्रेक्षकांची रोजची दुखणी होती. १९३५ मधलं 'स्थित्यंतर' तर त्यांच्या सगळ्या कामाचं शिखर मानावं लागेल. गावाजवळच्या नदीवर एकाच माणसाची नाव चालते आणि तो येणाऱ्याजाणाऱ्यांना नाडतो. गावकरी एकत्र येऊन पूल बांधायला घेतात आणि नाववाला तो होऊ नये म्हणून आडवा येतो. गोष्ट एवढीच. पण ती रंगवली कशी, हे नाटक करणाऱ्या प्रत्येकाने मुळातून समजून घ्यावं असं आहे.

त्यासाठी उघड्यावरचं नाट्यगृह होतं. प्रेक्षक आणि नट यांच्यात पडदा नाही, चौकट नाही. पात्रं प्रेक्षकांमधून वाट काढत येत, त्यांच्यातूनच परत जात. पूल बांधणाऱ्यांचं गाणं सुरू झालं की बघणारेही त्यात आवाज मिसळत. पूल ज्यांना हवा होता, ती माणसं तिथेच बसलेली होती. प्रेक्षकाला नाटकात सामील करून घेण्याची गोष्ट निघाली की आपण पुढच्या काळातल्या युरोपातल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांची नावं घेतो. त्या यादीत डिंगश्येनचे शेतकरी कुठेच नसतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आपण केलेल्या या कामाचं विवेचन श्योंग यांनी १९३७ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं, म्हणजे पुढच्यांसाठी लेखी नोंदही मागे ठेवली.

या प्रयोगाच्या मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. येन यांच्या चळवळीने जमीन कोणाच्या मालकीची या प्रश्नाला हात घातला नाही, आणि तिला अमेरिकेतून पैसा मिळत होता, त्यावरूनही टीका झाली. रंगमंचावर सावकार हरला तरी शेतातलं कर्ज तसंच राहत होतं. दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. त्या भागात यांगको या लोकनाट्याची परंपरा होती. सू तुंगपो हा थोर कवी अकराव्या शतकाच्या अखेरीस तिथे अधिकारी होता आणि ती गाणी त्यानेच शेतकऱ्यांना रचून दिली, असं लोक सांगत. येन यांच्याच चळवळीतल्या अभ्यासकांनी शेतकऱ्यांच्या तोंडून ही नाटकं ऐकून उतरवून घेतली आणि त्यातली ४८ नाटकं १९३३ मध्ये छापली. इतका ठेवा हाताशी असताना श्योंग यांनी आपला भर नव्या गद्य नाटकावर ठेवला. दोन्ही प्रवाह त्यांनी मोकळेपणाने एकत्र येऊ दिले असते, तर हाती आणखी काही आलं असतं, असं माझं मत आहे.

१९३७ मध्ये जपानी सैन्य उत्तर चीनमध्ये घुसलं आणि डिंगश्येनमधलं सगळं काम थांबलं. श्योंग सहकाऱ्यांसह दक्षिणेकडे निघाले. छांगशामार्गे ते सिचुआनमधल्या छंगतूला पोचले. प्रतिकाराची नाटकं करत तिथे त्यांनी प्रांताची नाट्यशाळा उभी केली. पुढे ती बंद पडली. मग क्वेलिनमध्ये त्यांनी वाङ्मयीन मासिक चालवलं. १९४४ मध्ये जपानी सैन्य तिथेही येऊन ठेपलं, तेव्हा निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर ते क्वेचौ प्रांताकडे गेले. उभं केलेलं सोडायचं आणि पुढच्या गावात पहिल्यापासून सुरू करायचं, असा हा काळ.

युद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये शांघायमध्ये एक प्रायोगिक नाट्यशाळा सुरू झाली. कू चुंगई, ली च्येनवू आणि ह्वांग त्स्वोलिन हे तिचे संस्थापक. श्योंग तिचे मुख्याध्यापक झाले आणि मरेपर्यंत त्या संस्थेचेच राहिले. तेव्हा महागाई आभाळाला भिडली होती आणि यादवी युद्ध पेटलं होतं. अशा काळात ही शाळा तगली आणि पुढे वाढली. १९५६ मध्ये तिला शांघाय नाट्य अकादमी हे नाव मिळालं. आज ती चीनमधल्या अग्रगण्य नाट्यसंस्थांपैकी एक आहे. नट तयार करण्याआधी माणसाचा स्वभाव, त्याचं चारित्र्य घडवण्याकडे लक्ष द्यायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. डिंगश्येनच्या धुळीत तालमी घेतलेल्या माणसाने हे सांगावं, याला वजन आहे. २६ ऑक्टोबर १९६५ रोजी शांघायमध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. तिच्यात त्यांच्या पिढीच्या अनेक रंगकर्मींचे हाल झाले. नाटककार थ्येन हान यांना तर १९६८ मध्ये कैदेतच मरण आलं.

आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजांत नाट्यशिबिरं होतात. बहुतेक ठिकाणी पुण्या-मुंबईहून मार्गदर्शक येतात, स्पर्धेची एकांकिका बसवून देतात आणि जातात. गावात मात्र काहीच उरत नाही. शिबिर कसं घ्यावं याचा एक पूर्ण नमुना श्योंग यांच्या पाच वर्षांच्या कामात आहे. नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात युरोपच्या इतिहासाला भरपूर जागा आहे. तिथे डिंगश्येनच्या प्रयोगाला एक प्रकरण मिळावं, अशी विद्यापीठांना माझी विनंती आहे. चिनी भाषा जाणणारे मराठी लोक आता कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणी 'स्थित्यंतर'चं मराठी भाषांतर करायला घेतलं, तर ते बसवायला आमच्या भागातली मुलं आनंदाने तयार होतील. आणि आपण ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनाच्या अंकात याविषयी एखादा सविस्तर लेख जाणकाराकडून लिहून घ्यावा, ही आपल्याला विनंती.

आपला,
एक नाट्यशिक्षक वाचक, बार्शी