सैराटची परीक्षणं कशी वाचावीत

प्रिय मिलिंद,

तुझ्या फिल्म क्लबातल्या भाषणाचं टिपण वाचून काढलं. ‘समीक्षकांनी सैराट डोक्यावर घेतला’ या एका वाक्यावर तू पहिली दोन पानं उभी केली आहेस, म्हणून आधी तिथेच हात घालतो. वाक्य खोटं नाही, पण त्यात तीन वेगळ्या वेळच्या प्रतिक्रिया एका गाठोड्यात बांधल्या गेल्यात. ते सोडव.

पहिल्या प्रतिक्रिया प्रदर्शनाआधीच्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या ‘जनरेशन’ विभागात दाखवला गेला, मार्चमध्ये ६३व्या राष्ट्रीय पुरस्कारांत नायिका रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख झाला. तेव्हाचे जाणकार ‘फँड्री’च्या दिग्दर्शकाचं, नागराज मंजुळेचं, पुढचं काम म्हणून त्याकडे बघत होते. दुसरी परीक्षणं २९ एप्रिलनंतरच्या आठवड्यातली. तिसरं लिखाण शंभर कोटींचा पल्ला गाठल्यानंतरचं. मराठीत तसं आधी कधी झालं नव्हतं, त्यामुळे त्यातलं बरंचसं लिखाण चित्रपटापेक्षा गर्दीबद्दल आहे. प्रत्येक उताऱ्याखाली तारीख लिही. भाषणात मतं उद्धृत करायची ती शक्यतो पहिल्या दोन ढिगांतली.

आता मुख्य मुद्दा. कौतुक करणाऱ्यांनीही एक तक्रार पुन्हा पुन्हा नोंदवली: उत्तरार्ध रेंगाळतो, १७४ मिनिटं जास्त होतात. तू ती ‘किरकोळ’ म्हणून एका ओळीत उडवलीस. मला वाटतं, सगळं भाषण याच तक्रारीभोवती बांधावं. समीक्षकांना जाणवलं ते खरंच होतं, कारण मात्र बहुतेकांनी चुकीचं दिलं. त्यांनी संकलनातला ढिलेपणा धरला. तू एकदा घड्याळ घेऊन चित्रपट बघ आणि तीनच गोष्टी टिप: गाणं कुठे सुरू होतं, संथगतीचं दृश्य कुठे येतं, पार्श्वसंगीत कुठे थांबतं. अजय-अतुलची चारही गाणी पाटलाची मुलगी आर्ची आणि खालच्या मानलेल्या जातीतला परश्या गाव सोडून पळण्याआधीच संपतात. विहिरीतली उडी, बुलेट, ट्रॅक्टर, मोठा वाद्यवृंद, हा प्रेमपटाचा सगळा थाट बिटरगावात आहे. हैदराबादेत झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, संशय आणि मारहाण. थाट एकेक करून काढून घेतलाय, आणि शेवटी तर आवाजच काढून घेतलाय. पूर्वार्धात ‘झिंगाट’ गाण्यावर नाचलेल्या प्रेक्षकाला पुढे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, ते वाटावं अशीच रचना आहे. उत्तरार्ध वीस मिनिटांनी कापला असता, तर शेवटाचा आघात नुसत्या धक्क्यावर आला असता.

या वाचनाला पुरावा हवा तर सैराटवरूनच केलेला २०१८चा हिंदी ‘धडक’ आहे. कथा उदयपूरला नेली, अर्ध्या तासाहून जास्त वेळ वाचवला, दोन्ही घरांमधली जातीची दरी पुसट केली, शेवटही बदलला. त्यावर समीक्षकांचा सर्वात मोठा आक्षेप जात गायब झाल्याचाच होता. पण मूळ सैराटच्या काही परीक्षणांतही गोष्ट ‘श्रीमंत मुलगी, गरीब मुलगा’ एवढ्यावरच आटोपली होती, हे तू आवर्जून दाखव. परीक्षण हातात घेतलंस की आधी पाहा, ‘जात’ हा शब्द कितव्या परिच्छेदात येतो, आणि येतो का.

जे सुटलं त्याची दोन उदाहरणं पुरेत. क्रिकेटच्या सामन्यांच्या वेळी आर्चीचे वडील भाषण ठोकतात. घरची बाई आवरता येत नाही तो तालुका काय सांभाळणार, अशा अर्थाचा टोमणा विरोधकाला मारतात आणि टाळ्या घेतात. शेवटी घरच्यांनीच केलेला आर्ची-परश्याचा खून तिथेच ठरलेला आहे, म्हणून ‘शेवट अचानक येतो’ हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. दुसरं, परश्याच्या बापाला त्याच्याच जातपंचायतीपुढे उभं राहावं लागतं. ते दृश्य नजरेआड केलं की पाटील खलनायक आणि बाकी सगळे बळी, असा सोपा हिशेब होतो. दिग्दर्शकाने तो टाळलाय.

वादांचं लिखाण मात्र परीक्षणांत मिसळू नकोस. आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात प्राध्यापकाच्या कानाखाली मारतो, त्यावरून बरंच बोललं गेलं. शाळकरी वयातल्या प्रेमाला उत्तेजन मिळतं असंही म्हटलं गेलं. ही मतं समाजाबद्दल महत्त्वाची आहेत, पण चित्रपट कसा बांधलाय याबद्दल ती काही सांगत नाहीत. त्यांना भाषणात वेगळी पाच मिनिटं दे.

एक आक्षेप मात्र मी मान्य करेन, तूही कर. हैदराबादेत अगदी निकडीच्या क्षणी दोघांना आसरा देणारी सुमनअक्का भेटते, ती पटकथेची सोय आहे. इतक्या कठोर चित्रपटात तेवढी मदत फार सहज मिळते. प्रेमापोटी हे झाकलंस तर श्रोते तुझ्या बाकीच्या मुद्द्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत.

वेळेत बसवायचं तर दोनच तुकडे दाखव: वडिलांचं भाषण आणि खोलीतलं भांडण. शेवटचं दृश्य दाखवू नकोस. ते बघून लगेच कुणी चर्चेला तोंड उघडत नाही. पुढचा मसुदा झाला की पाठव.

तुझा,
शिरीष