बिलातला ‘कोटेड ऑक्सिजनेटर’

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

मेहुण्यांच्या बायपासच्या बिलात ‘कोटेड ऑक्सिजनेटर’ (शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणारे, आतून लेप दिलेले यंत्र) अशी वेगळी ओळ दिसली म्हणून हा लेप म्हणजे नुसता पैसे उकळण्याचा प्रकार आहे का, असे तू विचारले आहेस. लेप खरा आहे. मात्र त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे सांगायला हवे.

रक्त या यंत्राच्या नळीत शिरले की प्लॅस्टिकवर आधी रक्तातल्याच प्रथिनांचा थर बसतो, तोही काही सेकंदांत. त्यातल्या फायब्रिनोजेन या गोठण्याच्या प्रथिनाला प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) चिकटतात आणि गुठळी होण्याची तयारी सुरू होते. प्रौढांच्या ऑक्सिजनेटरमधील पोकळ तंतूंचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस मीटर भरते, तेव्हा हा परका पृष्ठभाग थोडाथोडका नव्हे.

१९६३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट गॉट आणि सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकवर ग्राफाइट, त्यावर धनभारित बेंझाल्कोनियम आणि त्यावर ऋणभारित हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे, शर्करांच्या लांब साखळीचे औषध) असा लेप दिला. पण केवळ विद्युतभाराने धरलेले हेपॅरिन वाहत्या रक्तात हळूहळू सुटून जाते. ते रासायनिक बंधाने पक्के करावे, तर साखळी जागोजागी जखडली जाऊन रक्तातले गोठणे रोखणारे प्रथिन अँटिथ्रॉम्बिन ज्या पाच शर्करांच्या तुकड्याला धरते तोच दबून राहतो आणि हेपॅरिन असून नसल्यासारखे होते. ही कोंडी स्वीडनमध्ये लार्म, लार्सन आणि ओल्सन यांनी १९८३ मध्ये फोडली: त्यांनी साखळीचे फक्त एक टोक पृष्ठभागाला बांधले, त्यामुळे बाकीची साखळी खुंटीवरच्या उपरण्यासारखी मोकळी राहिली. अँटिथ्रॉम्बिन तिच्यावर बसते, गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिनला निकामी करते आणि त्याच्यासह निघून जाते. हेपॅरिन मात्र जागच्या जागी राहून पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. या विषयातली इतकी देखणी युक्ती मला दुसरी ठाऊक नाही.

आता तुझ्या बिलाकडे वळतो. ‘कोटेड’ एवढ्यावरून लेप कोणता ते कळत नाही. पीएमईए या बहुलकाच्या लेपात तर हेपॅरिन नसतेच. शिवाय लेप कितीही उत्तम असला तरी पंप सुरू करण्यापूर्वी रुग्णाला हेपॅरिन द्यावेच लागते आणि नंतर प्रोटामिन या उताऱ्याने त्याचा परिणाम उतरवावा लागतो, कारण गोठण्याची चेतना केवळ नळीतून नव्हे, तर जखमेतल्या ऊतींतूनही मिळते. माझ्या मते काही तासांच्या बायपासमध्ये लेपाचा लाभ माफक असतो. दिवसेंदिवस चालणाऱ्या एक्मोमध्ये (हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्रणेत) त्याचे मोल अधिक.

ऑक्सिजनेटरचे मॉडेल बिलावर असेल तर कळव, म्हणजे लेप कोणत्या जातीचा ते पाहून सांगतो. मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
माधव