शुगर मशीनच्या पडताळणीसाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार,

आपल्या रुग्ण सहाय्यक मंडळाची ओळख नव्याने करून द्यायला नको. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बाजारपेठेतल्या सराफ बंधूंनी एका रात्रीत दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर उभे केले. मधल्या आळीतल्या वहिनींनी कै. मास्तरांच्या स्मरणार्थ बाळंतिणींच्या वॉर्डाला पाण्याचा बंब दिला, तो आजही पहाटे तापतो. मुंबईकर चाकरमान्यांनी गणपतीला आल्यावर वर्गणी काढून शववाहिनीला नवे टायर बसवले. आणि निवृत्त स्टेशनमास्तरांनी पंच्याहत्तरीचा सत्कार नाकारून वॉर्डाला बोटाच्या थेंबावरून रक्तातली साखर मोजणारे पहिले शुगर मशीन दिले, हे तर शाळेतली पोरेही सांगतील.

त्यांचे पाहून आणखी सहा मशीन आली. पण सात मशीन पाच कंपन्यांची! पुरुष वॉर्डात २१० दाखवणारा पेशंट अतिदक्षता विभागात गेला की १७५. इन्सुलिनचा डोस कोणत्या आकड्यावर ठरवायचा?

थोडा फरक चालतो. आयएसओ १५१९७ या मानकानुसार शुगर १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त असेल तर लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्के आणि १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे, तेही ९५ टक्के वेळा, मान्य आहे. मात्र हे मानक घरी वापरायच्या मशीनचे. वॉर्डातल्या पेशंटचे रक्त कमी असले की पुष्कळ मशीन शुगर वाढवून दाखवतात आणि खरोखर उतरलेली शुगर झाकली जाते. नवजात बाळाचे रक्त दाट, तिथे उलटे होते. त्यात आपला पावसाळा. डबी उघडी राहिली की मशीनमध्ये घालायच्या, रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्ट्या दमट होऊन वाया.

म्हणून प्रत्येक मशीन लॅबशी ताडून पाहायचे ठरले आहे. पेशंट उपाशीपोटी असताना, त्याच्या संमतीने, बोटाचे आणि शिरेचे रक्त एकाच वेळी घ्यायचे. शिरेचे, शुगर उतरू नये म्हणून, फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये, आणि लगेच लॅबला. साध्या ट्यूबमध्ये पडून राहिले तर शुगर तासाला ५ ते ७ टक्के उतरते. जे मशीन नापास होईल ते बाजूला काढू, देणगीदार कितीही मोठा असो.

गेल्या वर्षीही हेच मागितले होते. तेव्हा चौघांनी पावत्या फाडल्या, आणि त्याच महिन्यात मखराची वर्गणी ओसंडून वाहिली. मखर हवेच, पण पट्टीवर दात्याचे नाव कोरता येत नाही म्हणून हात आखडता घेऊ नये, एवढेच म्हणणे.

खर्च अंदाजे ₹ ४८,००० (पट्ट्या, मशीन तपासायचे कंट्रोल सोल्यूशन, बोट टोचायच्या लॅन्सेट सुया, लॅब). रोख वा चेक, कार्यालयात सायं. ५ ते ७, दसऱ्यापूर्वी, पावती मिळेल. नोंदी ठेवायला दोन स्वयंसेवक हवेत, सकाळी ६ ला येणारे.

आपला,
चिटणीस

ता. क. घरातली जुनी मशीन कृपया आणू नयेत. पट्ट्या देणार असाल तर डबी सीलबंद हवी, आणि मुदत बघून.